बागेबाहेरचा बाजार

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराच्या नैर्ऋत्येला, वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या अफाट आवारात एका तळ्याच्या काठी डिस्ने स्प्रिंग्ज नावाची बाजारपेठ आहे. किल्ले, झुले आणि मिरवणुका इथून दूर, तिकिटाच्या दाराआड. इथे मात्र कोणीही यावे, गाडी फुकट उभी करावी, शेदीडशे दुकाने आणि उपाहारगृहांतून हिंडावे आणि रात्री उशिरा परतावे. आपल्याकडच्या जत्रा पाहिलेल्या माणसाला ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. लोक दर्शनाला येतात आणि देवळाबाहेर बांगड्या, भांडी, रेवड्या आणि पाळणे यांची रांग लागते. जत्रेचा बाजार मात्र आपसूक जमतो. हा बाजार पन्नास वर्षांत एकाच मालकाने पुन्हा पुन्हा मोडून मांडला आणि त्याला एकामागून एक पाच नावे दिली. दर मांडणीच्या आधी हा बाजार सुधारायचा कसा, हाच प्रश्न होता आणि आजही तो संपलेला नाही. सावली हवी, बसायला जागा हवी, उघड्यावर गाणेबजावणे हवे, पश्चिमेचा ओस पडणारा भाग जागता हवा, अशा सूचना येतच असतात. यातली एकही सूचना नवी नाही. त्यांचा कुळवृत्तांत फार मागे जातो आणि तो माहीत असल्याशिवाय त्यांचे मोल ठरवता येणार नाही, असे मला वाटते.

म्हणून आपण आधी पॅरिसला जाऊ, तेही 1784 साली. राजघराण्यातला शार्त्रचा ड्यूक लुई फिलिप जोसेफ कर्जात बुडाला होता. त्याने आपल्या पॅले रॉयाल या वाड्यामागच्या बागेला तिन्ही बाजूंनी इमारती घातल्या. व्हिक्टर लुई या वास्तुशिल्पकाराने खाली कमानींची लांबलचक ओसरी काढली, ओसरीत दुकानांचे गाळे ठेवले आणि वर राहायची घरे बांधली. त्या काळच्या पॅरिसमध्ये पायी चालणे म्हणजे चिखल आणि घोडागाड्या चुकवणे. अशा शहरात पाऊस असो वा ऊन, कोरड्या फरशीवरून चालत दुकाने पाहता येतात, हीच केवढी तरी मोठी करमणूक ठरली. कॉफीगृहे आली, मेणाचे पुतळे आले, पुस्तकविक्रेते आले आणि जुगारी व वेश्याही आल्या. जागा राजघराण्याची खासगी असल्यामुळे पोलिसांना तिथे सहजी शिरता येत नसे. या मोकळिकीचा परिणाम ड्यूकने कल्पिला नसेल एवढा मोठा झाला. 12 जुलै 1789 रोजी कामीय देमुलँ हा तरुण वकील तिथल्या कॅफे द फ्वापाशी टेबलावर चढला आणि त्याने लोकांना शस्त्रे उचलण्याची हाक दिली. दोन दिवसांनी बास्तीय हा तुरुंग पडला. मालकाने भाड्यासाठी बांधलेल्या बाजारात नागरिक जमले की काय होऊ शकते, हे इथे पहिल्यांदा दिसले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण फ्लोरिडात ती वेगळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे.

पॅरिसच्याही आधी लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर व्हॉक्सहॉलची बाग होती. जोनाथन टायर्स याने ती 1729 मध्ये भाडेपट्ट्याने घेतली, 1732 मध्ये थाटात उघडली आणि पुढे एक शिलिंग प्रवेशमूल्य ठेवले. सायंकाळी शिट्टी वाजताच ठिकठिकाणी उभे असलेले दिवेवाले वाती पेटवत आणि झाडांतले शेकडो दिवे एकदम उजळत. त्या क्षणासाठी लोक आवर्जून वेळेवर येत. खाणे महाग होते. तिथला हॅमचा काप इतका पातळ कापलेला असे की त्यावर लंडनभर विनोद चालत. 21 एप्रिल 1749 रोजी संगीतकार हँडेलच्या शाही आतषबाजीच्या संगीताची तालीम इथे झाली. तेव्हा बारा हजारांहून जास्त लोक लोटल्याचे आणि लंडन ब्रिजवर तीन तास गाड्या अडकून पडल्याचे त्या काळच्या वृत्तांतांत लिहिले आहे. करमणुकीच्या जागी पोहोचायचे कसे आणि वाहन ठेवायचे कुठे, हे दुखणे मोटारीपेक्षा जुने आहे.

व्हॉक्सहॉलचा वारसा कोपनहेगनला गेला. अल्जीअर्समध्ये जन्मलेल्या गेओर्ग कार्स्टेन्सन याने राजा आठवा क्रिस्तियान याच्याकडून पाच वर्षांचा परवाना मिळवला आणि 15 ऑगस्ट 1843 रोजी तिव्होली उघडले. जागा शहराच्या तटाबाहेरची, लष्कराच्या ताब्यातली, म्हणून बांधकाम बहुतांशी लाकडी. त्यातून तिव्होलीला एक सवय लागली : दर हंगामात काहीतरी काढायचे आणि काहीतरी नवे उभारायचे. ही बाग कधीच पुरी होणार नाही, असे कार्स्टेन्सन म्हणत असे. एकदा दारात पैसे दिले की आत बाजाराची इमारत, वाद्यवृंद, कारंजी आणि मूकनाट्य हे सारे आलेच. 1874 साली बांधलेल्या मूकनाट्याच्या रंगमंचाचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा आहे. प्रेक्षक समोर मोकळ्या अंगणात उभे राहतात आणि पिसारा हळूहळू मिटत गेला की मागचे दृश्य दिसू लागते. ही बाग वॉल्ट डिस्ने यांनी 1951 मध्ये पाहिली. तिथली स्वच्छता, माफक दर आणि म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून घालवलेली संध्याकाळ त्यांच्या मनात भरली.

17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडले. दारातून आत शिरताच जो रस्ता लागतो तो मेन स्ट्रीट, यू.एस.ए. हा खरे तर एक बाजारच होता. वॉल्ट यांच्या लहानपणीच्या मार्सेलीन या मिसुरीतल्या गावाची त्याला छाया. वरचे मजले मुद्दाम लहान प्रमाणात बांधलेले, म्हणजे रस्ता जवळचा आणि खेळण्यातला वाटावा. पैशांची तंगी होती, त्यामुळे बरेच गाळे बाहेरच्या कंपन्यांना भाड्याने दिले गेले. अपजॉन या औषध कंपनीने जुन्या काळचे औषधाचे दुकान हुबेहूब उभारले होते. बरण्यांत जिवंत जळवा असत, पांढऱ्या कोटातले फार्मासिस्ट माहिती देत आणि पाहुण्याच्या हातात जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची छोटी बाटली फुकट ठेवत. दुकान होते, पण विक्री नव्हती. असे एक तरी दुकान प्रत्येक बाजारात असावे असे मला मनापासून वाटते, कारण तिथे रेंगाळण्याला हरकत नसते. डिस्नेलँडच्या कुंपणाबाहेर मात्र हार्बर बुलेव्हार्डवर मोटेल आणि निऑनच्या पाट्या दाटीवाटीने उगवल्या. माणसे खेचली डिस्नेने आणि मुक्कामाचा पैसा गेला शेजाऱ्यांकडे. ही सल वॉल्ट यांना अखेरपर्यंत राहिली. पुढे फ्लोरिडात सुमारे 27 हजार एकर जमीन वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली गेली, ती याच अनुभवातून. या खेपेला बागेबाहेरचा बाजारही आपलाच ठेवायचा होता.

त्या बाजाराची वैचारिक जडणघडण दोन माणसांच्या हातून झाली. पहिला व्हिक्टर ग्रुएन, 1938 मध्ये नाझींपासून निसटलेला व्हिएन्नाचा वास्तुशिल्पकार. मिनेसोटातल्या एडायना इथे 8 ऑक्टोबर 1956 रोजी त्याने आखलेले साउथडेल हे छताखालचे खरेदी केंद्र उघडले. मधल्या चौकात झाडे, पक्ष्यांचा उंच पिंजरा, कॅफे आणि बाहेर बर्फ पडत असला तरी आत कायमचा वसंत. भोवती घरे, शाळा, दवाखाने होऊन त्याचे गाव व्हावे अशी त्याची योजना होती. मालकांनी बाजार ठेवला आणि गाव वगळले. भोवती उरला मोटारींचा सपाट तळ. उतारवयात ग्रुएनने अमेरिकी मॉलचे पितृत्वच जाहीरपणे नाकारले. त्याचे 1964 चे शहरांविषयीचे पुस्तक वॉल्ट डिस्ने यांच्या दफ्तरी होते. दुसरा माणूस बांधकाम-विकासक जेम्स राउस. डिस्नेलँड हा अमेरिकेतला नगररचनेचा सर्वोत्तम नमुना आहे, असे त्याने 1963 मध्ये हार्वर्डमध्ये नगररचनाकारांसमोरच सांगितले होते. त्याच राउसने वास्तुशिल्पकार बेंजामिन थॉम्प्सनसह बोस्टनची 1826 ची क्विन्सी मार्केट ही पडकी मंडई दुरुस्त करून ऑगस्ट 1976 मध्ये उघडली. सगळे गाळे भरले नव्हते. ती पोकळी दिसू नये म्हणून हातगाड्या आणल्या आणि त्या स्थानिक कारागिरांना थोड्या मुदतीच्या भाड्याने दिल्या. कानातली, लाकडी खेळणी, विणलेल्या टोप्या असा माल त्यांवर मांडला गेला. गाळे भरल्यावरही गाड्या राहिल्या, कारण लोक त्यांच्याभोवतीच घुटमळत होते.

वॉल्ट यांच्या स्वप्नात या साऱ्याच्या पलीकडचे काही होते. ऑक्टोबर 1966 मध्ये चित्रित केलेल्या फितीत ते एपकॉट या नगराचा आराखडा समजावतात. वीस हजार रहिवासी, मध्यभागी 50 एकरांवर छत, छताखाली देशोदेशीच्या पेठा आणि नाट्यगृहे, मोटारी आणि मालगाड्या जमिनीखालून. जमिनीचा मालक मात्र कोणी रहिवासी नसेल आणि म्हणून मताधिकाराचा ताबाही कोणाकडे नसेल, हेही त्या योजनेत स्पष्टच होते. 15 डिसेंबर 1966 रोजी वॉल्ट गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात फ्लोरिडाच्या विधिमंडळाने रीडी क्रीक हा जवळपास स्वायत्त जिल्हा कंपनीसाठी निर्माण केला. 1 ऑक्टोबर 1971 रोजी डिस्ने वर्ल्ड उघडले, तेव्हा त्यात नगर नव्हते.

नगराचा एक लहानसा अंकुर तरीही फुटला, आणि तोच आपल्या बाजाराचा पूर्वज. लेक ब्युएना व्हिस्टा नावाच्या वसाहतीत तळ्याकाठी टुमदार घरे बांधायला घेतली होती. त्यांच्यासाठी जवळच लाकडी छपरांचा, कौलारू उतारांचा एक बाजार हवा म्हणून 22 मार्च 1975 रोजी लेक ब्युएना व्हिस्टा शॉपिंग व्हिलेज उघडले. मला या मागोव्यातले हे सर्वांत जिव्हाळ्याचे स्थानक वाटते. तिथे मेणबत्त्या करणारे होते, काच फुंकणारे होते, मातीच्या भांड्यांचे दुकान होते, पाळीव प्राण्यांच्या वस्तू होत्या आणि मिकीची छाप फारशी कुठे नव्हती. कॅप्टन जॅक नावाचे कालवांचे उपाहारगृह पाण्यात खांबांवर उभे होते. गूर्मे पँट्री हे किराण्याचे दुकान होते. तिथून ब्रेड, मांस, भाजी शेजारच्या घरांत पोहोचवली जाई. काचवाल्यासमोर उभे राहून ज्योतीवर नळी फिरताना, तिचा लाल गोळा होताना आणि त्यातून हरणाचे पाय ओढले जाताना पाहणे हा करमणुकीचा भाग होता आणि त्याला तिकीट नव्हते. मे 1977 मध्ये एम्प्रेस लिली ही मोठे चाक फिरवणारी 'आगबोट' तळ्यात उभी राहिली. वॉल्ट यांच्या पत्नी लिलियन यांचे नाव घेतलेली ही बोट खरे तर पायावर बांधलेली इमारत होती. तिथे आजही वेगळ्या नावाने उपाहारगृह चालते.

बाजार झाला, पण ज्यांच्यासाठी तो होता ते रहिवासी आले नाहीत. 1973 च्या तेलसंकटाने प्रवास आणि घरबांधणी दोन्ही थंडावले, हे एक कारण. त्याहून खोल कारण पॅले रॉयालच्या ड्यूकलाही कळले असते. कायमचे राहणारे लोक मतदार होतात, आणि मतदार एकदा झाले की जिल्ह्याच्या कारभारात त्यांना वाटा द्यावा लागतो. घरे पाहुण्यांना भाड्याने दिली जाऊ लागली. पुढे त्या वसाहतीच्या जागी 1996 मध्ये डिस्ने इन्स्टिट्यूट आणि 2004 मध्ये साराटोगा स्प्रिंग्ज हे मुक्कामाचे ठिकाण आले. खरे गाव कंपनीने वसवले ते दूर, शेजारच्या ऑसिओला कौंटीत सेलिब्रेशन या नावाने, 1996 मध्ये, आणि 2004 मध्ये त्याची मधली पेठही विकून टाकली. तळ्याकाठचा बाजार शेजाराविना राहिला आणि तेव्हापासून तो सतत नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात आहे.

ते गिऱ्हाईक एकदा ऑरलँडोच्या गावठाणात सापडले. बॉब स्नो या उद्योजकाने 1974 मध्ये चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या रेल्वे ठाण्यालगत रोझी ओग्रेडीज हे जॅझ आणि गमतीजमतीचे ठिकाण काढले होते. दिवसभर डिस्नेत घालवलेली प्रौढ मंडळी रात्री तिकडे वळत. मायकेल आयझनर कंपनीचे प्रमुख झाल्यावर याला उत्तर म्हणून 1 मे 1989 रोजी प्लेझर आयलंड उघडले. जहाजांची शिडे बनवणारा मेरीवेदर प्लेझर नावाचा एक उद्योजक, त्याचा ओसाड कारखाना आणि त्यात आता नाइटक्लब, अशी सगळी दंतकथा रचली गेली. तिथे रोज रात्री नववर्षाची पूर्वसंध्या असे : बारा वाजता आतषबाजी, रंगीत कागदांचा पाऊस. पण ज्याची आठवण निघताच जुन्या पाहुण्यांचा आवाज आजही बदलतो ते होते अ‍ॅडव्हेंचरर्स क्लब. साल कायम 1937. भिंतींवर प्रवासातून आणलेले मुखवटे, आणि ते मध्येच बोलू लागत. नट प्रेक्षकांतच वावरत, कोणाच्याही टेबलाशी बसत, नाव विचारत आणि तासाभराने त्याच नावाने भर सभेत हाक मारत. बारपुढची काही स्टुले इतकी सावकाश खालीवर होत की बसलेल्या माणसाला नेमके काय घडते आहे ते बराच वेळ उमगत नसे. पाठांतर थोडे आणि उत्स्फूर्त जास्त, त्यामुळे लोक पुन्हा पुन्हा येत. तिव्होलीच्या अंगणातल्या मूकनटांची ही थेट भावंडे होती. 27 सप्टेंबर 2008 च्या रात्री प्लेझर आयलंडचे सगळे क्लब एकत्रच बंद झाले. त्यातले नाचघर गेल्याचे मला फारसे वाटत नाही, अशी नाचघरे कुठेही होतात. अ‍ॅडव्हेंचरर्स क्लब बंद करणे मात्र या बाजाराच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक होती, असे मी मानतो.

मधला काळ भराभर पार करू. 1993 मध्ये लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सलने जॉन जर्डी यांच्याकडून सिटीवॉक बांधून घेतले. 1999 मध्ये ऑरलँडोलाही ते आले आणि त्याची जागाच अशी निवडली की गाडी ठेवून उद्यानाकडे जाणाऱ्याला बाजारातूनच चालत जावे लागे. डिस्नेने 1997 मध्ये पश्चिमेला नवा भाग जोडला, तीन तुकड्यांना मिळून डाउनटाउन डिस्ने असे नाव दिले, आणि डिसेंबर 1998 मध्ये सर्क द्यू सोलेची ला नूबा ही खास सर्कस आणली. ती 2017 अखेर चालली. डिस्नेक्वेस्ट हे पाच मजली खेळघर 1998 ते 2017 टिकले, त्याच्या जागी आलेले बास्केटबॉलचे दालन 2019 मध्ये उघडून महासाथीत बंद पडले ते कायमचेच. बागेपासून दूर, चालत न पोहोचता येणाऱ्या बाजारात तिकीट लावलेली मोठी बंदिस्त दालने उभारली की ती जुनी होतात आणि मग त्यांच्या बंद दारांमुळे आजूबाजूचा रस्ताही निस्तेज होतो.

2010 मध्ये हायपेरियन वॉर्फ या नावाने एक आराखडा जाहीर झाला आणि गुंडाळला गेला. मार्च 2013 मध्ये जाहीर झाले ते डिस्ने स्प्रिंग्ज. 29 सप्टेंबर 2015 ला नाव बदलले आणि मे 2016 मध्ये टाउन सेंटर उघडले. फ्लोरिडाच्या निळ्याशार झऱ्यांच्या धर्तीवर एक झरा तयार केला गेला, त्याच्याभोवती गुराखी-वस्तीपासून वाढत गेलेल्या गावाची कल्पित कहाणी गुंफली गेली. गावच वसू न दिलेल्या जमिनीला गावाचा इतिहास मात्र रचून दिला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तरीही काम उत्तम झाले हे मान्य करायला हवे. व्हॉक्सहॉलपासून चालत आलेले वाहनांचे दुखणे इथे बरेचसे मिटले : बहुमजली वाहनतळ, महामार्गावरून थेट आत येणारा उड्डाणरस्ता, रस्त्यावरून पादचारी पूल. हे वाहनतळ उभारले रीडी क्रीक जिल्ह्याने, सार्वजनिक कर्जरोख्यांच्या पैशांतून. 2023 मध्ये राज्य सरकारने त्या जिल्ह्याचा कारभार आपल्या नेमणुकीच्या मंडळाकडे घेतला. म्हणजे या बाजारात जनतेचा वाटा आहे, हे म्हणणे भावनेचे नाही, हिशेबाचे आहे.

आता आपण सुधारणांकडे येऊ. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारी जवळजवळ रोज वळीव कोसळतो आणि त्याआधी ऊन भाजून काढते. वाहनतळापासून तळ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत न तुटणारी कमानींची ओसरी आणि तिच्यात पाठ टेकता येईल अशी बाके, हे पहिले काम. टाउन सेंटरमध्ये ती तुकड्यातुकड्याने आहे, पश्चिमेकडे नाही. दुसरे काम हातगाड्यांचे. आजच्या गाड्यांवर दिसतो तो बहुतेक कुठल्याही मॉलमध्ये मिळणारा माल. बोस्टनप्रमाणे थोड्या मुदतीच्या, थोड्या भाड्याच्या गाड्या मध्य फ्लोरिडातल्या कारागिरांना द्याव्यात, आणि समोर बसून वस्तू घडवण्याची अट घालावी. शेफ मनीत चौहान यांचे भारतीय जेवणाचे उपाहारगृह 2023 मध्ये इथे आले, यावरून नव्या हातांना जागा मिळाली की बाजाराची चव किती बदलते ते कळते. तिसरे, बारा महिने पगारावर ठेवलेला नटांचा एक ताफा. त्यांना रंगमंच नको. पश्चिमेचा चौक, बोटीचा धक्का आणि पाहुण्यांची नावे लक्षात ठेवण्याची मुभा पुरे. पश्चिमेकडे आणखी एक तिकिटाचे दालन बांधण्यापेक्षा हा खर्च कमी होईल आणि त्याचे फळ रोज संध्याकाळी दिसेल.

चौथी गोष्ट सर्वांत जुनी आणि आजवर टाळलेली : बाजाराला शेजार देणे. 2022 मध्ये कंपनीने ऑरेंज कौंटीच्या नैर्ऋत्य भागात सुमारे 80 एकरांवर हजाराहून अधिक परवडणारी घरे उभी राहावीत यासाठी जमीन देऊ केली. ती घरे सर्वांसाठी खुली असतील, कंपनीच्या नोकरांसह. तळ्याकाठी घरे येण्याची आता आशा नाही, पण त्या घरांतली आणि आसपासच्या वस्त्यांतली माणसे बाजारात येऊ शकतात. त्यांच्यासाठी नेमाची बस, गूर्मे पँट्रीसारखे रोजच्या दुधाभाजीचे एक दुकान, आणि खरेदीची पिशवी हातात नसली तरी मुलांना सात वाजेपर्यंत खेळता येईल असे एक अंगण, एवढे पुढच्या आराखड्यात आले तर 1975 मध्ये अर्धवट राहिलेले काम निदान सुरू तरी होईल.